पाचवीचा प्रवेश आणि बिनपावतीचे सहा हजार

आदरणीय बाई,

माझा मोठा मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेतून चौथी पास झाला. पाचवीसाठी तालुक्याच्या गावातल्या जुन्या हायस्कूलमध्ये चौकशीला गेले. शाळा अनुदानित आहे, दहावीचा निकाल चांगला लागतो, आमचे मिस्टर आणि दीर दोघंही तिथेच शिकले. लिपिकांनी प्रवेशाचा फॉर्म दिला आणि म्हणाले, इमारत निधीचे सहा हजार भरा. पावती मिळेल का विचारलं तर हसले. 'देणगीची कसली पावती, सगळेच देतात.' मी ब्लाउज शिवते, मिस्टर टेम्पो चालवतात. मिस्टर चिडलेत. सरकार मास्तरांना एवढा पगार देतं, शाळेला अनुदान देतं, मग आमच्या खिशात हात कशाला, असं त्यांचं म्हणणं. दीर म्हणतात, भांडण नको, आरटीईतून, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याच्या राखीव जागेतून, इंग्लिश मीडियमला टाका, फुकट होईल. जिल्हा परिषदेचे गुरुजी म्हणतात, आमच्याकडेच पाचवीचा वर्ग सुरू होतोय, इथेच राहू द्या. मला भीती एवढीच, की तक्रार केली तर पुढची सहा वर्षं मुलाला त्या शाळेत कोणी धड वागवणार नाही. काय करू? नाव-गाव छापू नका.

ताई,

आधी उत्तर देते, कारणं मागाहून. प्रवेश त्याच हायस्कुलात घ्या. सहा हजार देऊ नका. आणि या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात असं जे तुम्हाला त्या खिडकीत भासवलं गेलं, ते मनातून काढून टाका.

मिस्टरांचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. उरलेलं निम्मं समजून घेतलंत तर मुख्याध्यापकांशी बोलताना तुमचा आवाज चढणार नाही आणि पडणारही नाही. मी स्वतः अनुदानित शाळेत मुख्याध्यापिका होते. त्या खुर्चीतून पैशाची बाजू कशी दिसते ते मला ठाऊक आहे.

अनुदान म्हणजे सरकारने संस्थेला दिलेली पैशांची थैली, असा बहुतेक पालकांचा समज असतो. तसं नाही. अनुदानाचा जवळजवळ सगळा भाग म्हणजे पगार, आणि तो शालार्थ या सरकारी ऑनलाइन पगार प्रणालीतून थेट शिक्षकांच्या बँक खात्यात पडतो. संस्थेच्या हाताला तो लागतही नाही. किती शिक्षकांचा पगार द्यायचा हे ठरतं संच मान्यतेत, म्हणजे शाळेत मुलं किती यावरून. पगाराशिवाय जे मिळतं ते वेतनेतर अनुदान. खडू, वीजबिल, प्रयोगशाळेतलं सामान, किरकोळ दुरुस्ती हे सगळं त्यातून भागवायचं. २००४ नंतर काही वर्षं हे अनुदान बंदच होतं. २०१३ पासून पुन्हा सुरू झालं, तेही जुन्या वेतनश्रेणीवर ५ टक्क्यांच्या हिशोबाने, आणि हातात पडतं ते वेळेवर पडेलच असं नाही. मध्यंतरीच्या काळात शिक्षकांचे पगार वाढले, तसं विजेचं बिलही वाढलं. पगाराचा भार सरकारने उचलला, बिल शाळेच्या दारात राहिलं.

शिपायाचंच बघा. तुमचे मिस्टर शिकत होते तेव्हा त्या शाळेत घंटा द्यायला, वर्ग झाडायला, पाणी भरायला तीन-चार माणसं असतील. डिसेंबर २०२०च्या शासन निर्णयाने ठरलं की खासगी अनुदानित शाळेतला शिपाई निवृत्त झाला की त्याच्या जागी नवा नेमायचा नाही, ठोक शिपाई भत्ता घ्यायचा. ग्रामीण भागात तो महिन्याला ५,००० रुपये. या पैशात दिवसभर कोण राबणार ते तुम्हीच सांगा. त्यामुळे कित्येक शाळांत स्वच्छतागृहाची अवस्था वाईट आहे आणि मुख्याध्यापक फिनेलच्या बाटल्या स्वतःच्या खिशातून आणतात.

आणि इमारत? ती संस्थेची. पत्रे गळोत की भिंतीला तडा जावो, सरकार म्हणणार, शाळा तुम्ही काढलीत, इमारत तुम्ही बघा. हे काही कालचं नाही. १८५४च्या वुडच्या खलित्यापासून, म्हणजे इंग्रजांच्या शिक्षणधोरणापासून, आपल्याकडे हीच रीत आहे: शाळा लोकांनी काढायच्या, सरकारने हातभार लावायचा. पुण्याचं न्यू इंग्लिश स्कूल १८८० साली निघालं, भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू केली, त्यानंतर जिल्ह्याजिल्ह्यांत अशा संस्था उभ्या राहिल्या. महाराष्ट्रातली माध्यमिक शाळा बहुतांशी सरकारने काढलेलीच नाही. लोकांनी मूठभर धान्य, दोन गुंठे जमीन, चार पत्रे देऊन ती उभी केली. तुमच्या तालुक्यातलं ते जुनं हायस्कूलही बहुधा असंच उभं राहिलं असेल. तेव्हा लोक देत होते ते आपलं म्हणून देत होते, आणि देणाऱ्याचं नाव कोनशिलेवर नाहीतर निदान वहीत तरी लिहिलं जात होतं. खिडकीत अडवून घेतलेल्या सहा हजारांना त्या परंपरेचं नाव देऊ नये.

म्हणजे शाळेची गरज खरी असू शकते. मागण्याची पद्धत मात्र बेकायदा आहे, आणि ती गरजेच्या नावाखाली खपवून घेऊ नये.

२००९चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या कलम १३ नुसार मुलाला प्रवेश देताना कोणत्याही शाळेला कॅपिटेशन फी घेता येत नाही. कॅपिटेशन फी म्हणजे मेडिकल कॉलेजात घेतात तीच असं समजू नका. शाळेने अधिकृतपणे जाहीर केलेल्या शुल्काव्यतिरिक्त घेतलेली कोणतीही देणगी, वर्गणी किंवा रक्कम, अशी त्या कायद्यातली व्याख्या आहे. इमारत निधी, विकास निधी, स्वेच्छा देणगी, नाव काहीही ठेवा. घेतलेल्या रकमेच्या दहापट दंड होऊ शकतो, म्हणजे तुमच्या सहा हजारांवर साठ हजार. आपल्या राज्यात तर १९८७ पासून कॅपिटेशन फीच्या विरोधात वेगळा कायदाही आहे. लिपिक हसले ते हे माहीत नसल्यामुळे हसले, असं मला वाटत नाही. पावतीपुस्तकावर नोंद झाली की लेखापरीक्षणात दिसते, म्हणून पावती नाही.

एक गोष्ट मात्र जाण्याआधी नक्की तपासा, नाहीतर तिथे तोंडघशी पडाल. मुलाला कोणत्या तुकडीत प्रवेश देताहेत ते विचारा. अनुदानित शाळेतल्या सगळ्याच तुकड्या अनुदानित असतात असं नाही. विशेषतः सेमी-इंग्रजीची तुकडी बऱ्याच ठिकाणी विनाअनुदानित असते. तिथल्या शिक्षकांचा पगार सरकार देत नाही, तो मुलांच्या फीमधूनच निघतो. ती फी जाहीर केलेली असेल आणि पावती देऊन घेत असतील तर त्यात गैर काही नाही, परवडतं की नाही एवढाच प्रश्न. तुम्ही फॉर्मवर सेमीच्या चौकटीत खूण केली असेल तर आधी हे बघा. पण विनाअनुदानित तुकडीतसुद्धा फी ही फी असते, तिला इमारत निधी म्हणत नाहीत.

मिस्टरांच्या 'एवढ्या पगारा'बद्दलही एक शब्द. एका स्टाफरूममध्ये तीन प्रकारचे शिक्षक बसतात. एक पूर्ण पगारी. दुसरे अंशतः अनुदानित तुकडीवरचे, ज्यांना पगाराचा काही टक्के एवढाच भाग सरकारकडून मिळतो आणि पुढचा टप्पा मिळावा म्हणून जुलै २०२५ मध्ये ज्यांनी आझाद मैदानावर भर पावसात ठिय्या दिला. तिसरे संस्थेच्या मानधनावरचे, ज्यांचा पगार तुमच्या शिवणकामाच्या कमाईहून कमी असू शकतो. काम तिघांचं सारखंच. उद्या तुमच्या मुलाला गणित शिकवणारे सर यांतले कोण असतील सांगता येत नाही. तेव्हा राग मास्तरांवर काढू नका. सरकारी पैशाला गळती नाही असंही मी म्हणणार नाही. नागपूर विभागात बोगस शालार्थ आयडी तयार करून पगार उचलल्याचं प्रकरण २०२५ मध्ये बाहेर आलं, अधिकाऱ्यांना अटकाही झाल्या. नेमणुकीसाठी संस्थाचालक पैसे घेतात हे तर गावोगाव उघड गुपित होतं, शिक्षकभरतीसाठी सरकारचं पवित्र पोर्टल आणायची वेळ आली ती त्यामुळेच.

आता तुमच्या भीतीकडे येते, कारण पत्राचं खरं ओझं तिथे आहे.

खिडकीपाशी उभं राहिल्यावर वाटतं, शाळा आपल्यावर उपकार करतेय. ताई, चित्र उलटं आहे. शिक्षक किती मंजूर होणार हे पटावर ठरतं हे वर सांगितलं. ३० सप्टेंबरच्या पटाकडे मुख्याध्यापकांचं जेवढं लक्ष असतं तेवढं दहावीच्या निकालाकडेही नसतं. तुकडीत पाच-सात मुलं कमी भरली तर तुकडी जाते, तुकडी गेली की शिक्षक अतिरिक्त ठरतो, मग त्याचं समायोजन चाळीस-पन्नास किलोमीटरवरच्या शाळेत. म्हणून एप्रिल-मेच्या उन्हात अनुदानित शाळांचे मास्तर वाड्यावस्त्यांवर घरोघर फिरून 'तुमचा मुलगा आमच्याकडे पाठवा' म्हणून विनवतात. तुमच्याही दारात कुणी येऊन गेलं असेल. चौथी पास झालेला, आधार कार्डावर नाव-जन्मतारीख बरोबर असलेला मुलगा या शाळेला हवा आहे. एखादी नामांकित शाळा असेल आणि प्रवेशाला रांग लागत असेल तर गोष्ट थोडी निराळी, पण तालुक्याच्या ठिकाणी अशा शाळा एखाद-दोनच.

हे लक्षात ठेवून शाळेत जा. एकट्या जाऊ नका. मुलाच्या वर्गातल्या आणखी चार-पाच मुलांच्या आया याच शाळेत जाणार असतील, त्यांना बरोबर घ्या. लिपिकांच्या खिडकीवर बोलत बसू नका, थेट मुख्याध्यापकांना भेटा. आवाज नेहमीचाच ठेवा आणि एक अर्ज पुढे करा. मजकूर साधा असू द्या:

'माझ्या मुलाला इयत्ता पाचवीत प्रवेश मिळावा ही विनंती. प्रवेशासाठी इमारत निधी म्हणून ६,००० रुपये भरण्यास सांगण्यात आले आहे. ही रक्कम शाळेच्या जाहीर शुल्कात आहे किंवा नाही आणि तिची पावती मिळेल किंवा नाही, हे कृपया लेखी कळवावे.'

बस. तक्रारीचा एक शब्द नाही, कुणावर आरोप नाही. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. शंभरातल्या नव्वद शाळांत गोष्ट इथेच मिटते. 'अहो ताई, ते ऐच्छिक आहे, तुम्ही प्रवेश घेऊन टाका,' असं उत्तर येईल. ते ऐकून घ्या आणि प्रवेश घेऊन टाका. विजयी चेहऱ्याने बाहेर पडायची गरज नाही.

अर्ज घ्यायलाच नकार दिला तर रजिस्टर पोस्टाने पाठवा. प्रवेश अडवला तर शिक्षणाधिकारी (माध्यमिक), जिल्हा परिषद यांच्याकडे लेखी तक्रार करा. शिक्षणहक्क कायद्याखालच्या तक्रारीचा निकाल तीन महिन्यांत द्यायचा असतो. पण तुम्हाला तेवढी वाट बघणं परवडणार नाही, म्हणून अर्जासोबत स्वतः जाऊन भेटा. माहिती अधिकाराचा रस्ताही आहे. पगाराचा मोठा भार सरकार उचलत असल्यामुळे अनुदानित शाळेलाही तो कायदा लागू होतो. १० रुपयांचा अर्ज करून इमारत निधी कुणाकुणाकडून किती घेतला, कशावर खर्च केला, हे विचारता येतं, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मी मात्र तुम्हाला तो आत्ताच वापरा असं सांगणार नाही. पहिल्याच आठवड्यात माहिती अधिकार टाकणारी आई आणि शाळा यांच्यात पुढे सहा वर्षं कागदच बोलत राहतात.

मुलाला त्रास होईल का? कायद्याने आठवीपर्यंत त्याला शाळेतून काढता येत नाही, आणि मारणं, मानसिक छळ करणं दोन्हीला बंदी आहे. पण तुम्ही विचारताय ते याबद्दल नाही हे मला कळतं. तुम्ही विचारताय तिरकस बोलण्याबद्दल, पुढच्या बाकावरून मागे बसवण्याबद्दल. त्याला कलम नाही. त्यावर माझ्या अनुभवातला उपाय एकच: शाळेत दिसत राहा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांच्या. अनुदानित शाळेत या समितीचं काम सल्ला देण्यापुरतंच आहे, हुकूम चालत नाही. तरीही जी आई दर बैठकीला येऊन बसते, तिच्या मुलाशी वाकडं वागायला माणूस दोनदा विचार करतो. वर्षभर येणारी बाई आणि प्रवेशाच्या वेळी भांडून गेलेली बाई यांत शाळा बरोबर फरक करते.

आणि पुढेमागे हात थोडा मोकळा झाला, शाळा मनात भरली, तर पाचशे रुपये स्वतःहून द्या. संस्थेच्या नावाची छापील पावती घेऊन. संस्था नोंदणीकृत न्यास आहे, तिला धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब द्यावा लागतो, तेव्हा सरळ देणगीची पावती द्यायला तिला अडचण नसते. प्रवेश झाल्यानंतर, न मागता दिलेल्या पाचशे रुपयांना मी कधीच नाही म्हटलं नाही.

दिरांचा सल्ला मनापासून असेल, पण उपयोगाचा नाही. आरटीईच्या २५ टक्के जागा प्रवेशाच्या पहिल्या वर्गाला असतात, म्हणजे पहिलीला किंवा त्याआधीच्या वर्गाला. पाचवीला त्यातून शिरता येत नाही. धाकट्याचं वय बसत असेल तर त्याच्यासाठी जरूर अर्ज करा. वंचित गटात येत असाल तर उत्पन्नाची अट नाही, खुल्या गटात वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत हवं. फक्त दोन गोष्टी दिरांना सांगा. ही मोफत व्यवस्था आठवीला संपते, नववीपासून पूर्ण फी. आणि सरकार शाळेला या मुलांची जी भरपाई देतं, ती बरीच वर्षं वर्षाला १७,६७० रुपये एवढी धरली गेली आणि तीही थकत गेली. शाळा या मुलांवर नाराज असतात त्यामागे हेही एक कारण आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलून जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असलेल्या खासगी शाळांना यातून वगळलं होतं, उच्च न्यायालयाने तो बदल त्याच वर्षी जुलैत रद्द केला. म्हणजे दार उघडं आहे, पण तुमच्या थोरल्यासाठी नाही.

गुरुजींचं म्हणणं मात्र हसण्यावारी नेऊ नका. पाचवी आता प्राथमिकचाच वर्ग धरली जाते आणि जिल्हा परिषदेच्या शाळांना ती जोडली जातेय. पाचवी धरून पाच वर्ग दोनच शिक्षकांवर पडणार असतील तर हायस्कूल बरं. वेगळा शिक्षक मिळणार असेल आणि मुलगा गुरुजींच्या हाताखाली खूश असेल, तर एक वर्ष तिथेच राहिला म्हणून काही बिघडत नाही. सहावीला हायस्कुलात जाता येईल, तेव्हाही सहा हजार द्यायचे नाहीत. गुरुजींच्या शाळेचीही पैशाची तंगी आहेच. तीसपेक्षा जास्त आणि शंभरापर्यंत पट असलेल्या सरकारी शाळेला समग्र शिक्षा योजनेतून वर्षाचं संयुक्त अनुदान २५,००० रुपये. त्यातच वीज, खडू, दुरुस्ती आणि स्वच्छता. गुरुजी पट टिकवायला धडपडताहेत ते स्वतःच्या जागेसाठी आहे हे खरं, पण तेवढ्यासाठीच असेल असं नाही.

हायस्कूल नक्की केलंत तर आणखी थोडे पैसे वाचतील. आठवीपर्यंतची बालभारतीची पुस्तकं अनुदानित शाळेतही मोफत मिळतात, दुकानातून संच आणू नका. दुपारचं जेवणही आठवीपर्यंत आहे. गणवेश मात्र जिल्हा परिषदेसारखा फुकट मिळणार नाही, तो तुम्हालाच करावा लागेल. शाळा एका ठरावीक दुकानाचं नाव सांगेल. कापडाचा रंग आणि नमुना विचारून घ्या आणि घरीच शिवा.